एकोणतीस चौकटी

फेब्रुवारी निवडला, कारण तो सगळ्यात तोकडा.
पैसे भरून घरी आले, कॅलेंडर पाहिलं,
तर यंदा नेमकं लीप वर्ष.

बाहेर थंडर बे, उणे एकतीस.
लाँड्रीच्या वरच्या त्या खोलीत अधिक चाळीस.
मधे एकच दार, आणि दाराशी
पाणी सोडत बसलेले आमचे बूट.

शिकवणारी रोझालिंड, पंचविशीची,
आवाज मात्र हेडमास्तरणीचा:
"जमलं नाही तरी यायचं. पडून राहायचं, पण इथे."
भिंतीवर तक्ता. 'हिल्का लेहतो', आणि पुढे
एकोणतीस रिकाम्या चौकटी.

पहिल्या दिवशी पडूनच राहिले.
बावीस वर्षं मी बर्फ लोटायची गाडी चालवते,
रात्री दोनला, एकटी, अख्ख्या गावाचे रस्ते.
आणि इथे कपाळ गुडघ्याला लावताना
गुडघा कुठे ठेवलाय तेच आठवेना.
कोपरांना घाम, पापण्यांना घाम,
नखांनाही आला असता, जागा असती तर.

शेजारी वेंडेल, रिटायर्ड पोस्टमन,
डाव्या पायात स्टीलची पट्टी.
प्रत्येक आसनात तोल जायचा त्याचा
आणि पडता पडता तो चटईला "सॉरी" म्हणायचा.
चौथ्या दिवसापासून मीही म्हणू लागले.

मग कंटाळा.
त्रास परवडतो, त्याचं कौतुक तरी होतं.
कंटाळ्याला कोण विचारतं?
तेच सव्वीस प्रकार, तोच आरसा,
आरशात तीच बाई, दंड आईचे,
चेहरा बिल थकलेल्या गिऱ्हाइकासारखा.
रोज तीन टॉवेल. धुवा, वाळवा, परत भिजवा.

एकोणिसावा दिवस, उष्ट्रासन.
गुडघ्यांवर उभं राहायचं, मान मागे टाकायची,
गळा छताला दाखवायचा.
आणि छताच्या जागी अचानक
वडिलांच्या सौनाचं काळवंडलेलं लाकूड,
तापल्या दगडांवर पाणी, बर्चच्या ओल्या पानांचा वास,
आणि त्यांचं एकच वाक्य:
इथे आवाज चढवायचा नाही.
मी आणि आर्वो आवाज चढवायचो ते बाहेर येऊन.
ते गेल्यावर तर वकिलांकडूनच.
तळ्याकाठचं घर विकलं गेलं. नव्या मालकानं
सौना पाडून गॅरेज बांधलं.
तेव्हा रडले नव्हते, सही करतानाही नाही.
आता रडले, उंटासारखी वाकून.
वाटलं, एवढ्या घामात कोणाला कळतंय.
वेंडेलनं समोर बघत बघतच
त्याचा कोरडा टॉवेल माझ्याकडे सरकवला.

तेविसाव्या दिवशी वादळ.
सोळा तास गाडीत. पाठीला पाठ उरली नाही.
पहाटे चारला आर्वोची गल्ली लागली.
रस्ता साफ करताना बर्फ कडेला जातो,
लोकांच्या फाटकांशी त्याचा बांध पडतो,
त्याला इलाज नाही.
पण गेली तीन वर्षं त्याच्या फाटकाशी
बांध जरा जास्तच उंच पडायचा.
त्या रात्री मी पातं वळवलं,
सगळा बर्फ समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकला.
योगामुळे वगैरे नाही.
खांदा दुखत होता, पातं त्याच बाजूला हलकं जात होतं.

दुसऱ्या दिवशी रोझालिंड म्हणाली,
सोळा तास म्हणजे काय कमी, चिकटव चांदणी.
मी नको म्हटलं.
त्या दिवशी मी इथे नव्हते.

एकोणतिसाव्याला संत्र्याची एकेक फोड मिळाली.
कपाळ आणि गुडघा यांच्यात अजून
चार बोटं अंतर.
वेंडेल एका पायावर आठ सेकंद उभा राहिला,
मग सॉरी.

रात्री चटई धुऊन व्हरांड्यात टाकली.
सकाळी पाहते तर गोठून फळी झालेली,
कठड्याला टेकवली तशी उभी राहिली,
माझ्यापेक्षा ताठ.
एक मार्च. सुट्टी.
मी तिला आत आणून हीटरशेजारी उभी केली
आणि कॉफी संपेपर्यंत
ती वाकायची वाट पाहत बसले.